दाताचा अन् सांध्याचा काय संबंध?

प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेली एक औषधांची पिशवी असते. कुणाची कापडी, कुणाची एखाद्या साडीच्या दुकानातून आलेली. तिच्यात अर्धवट संपलेली पाकिटं, घडी पडलेल्या चिठ्ठ्या, जुने एक्स-रे आणि रक्त तपासल्याचे कागद कोंबलेले असतात. ज्याचं दुखणं त्याची पिशवी, असं आपण समजतो आणि आपण होऊन तिच्यात कधी डोकावत नाही. आमच्या घरी ही पिशवी सासूबाईंच्या खोलीत असते. तिच्यात नेमकं काय आहे हे मी वेळेवर पाहिलं असतं, तर त्यांचे सात-आठ महिन्यांचे हाल टळले असते. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, मंगरूळपीरच्या बाजूचं. सासूबाईंना बरीच वर्षं आमवात आहे. सकाळी उठलं की हाताची बोटं आखडलेली, पेला धरवत नाही, लुगड्याची गाठ बसत नाही. सुरुवातीला त्यांनी गावात येणाऱ्या एकाकडून पुड्या आणल्या. पुडीत काय असायचं ते ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं. पण काय गुण यायचा म्हणता! आज पुडी घेतली की उद्या सासूबाई सोयाबीनच्या सोंगणीला जायला तयार. भूक वाढली, चेहरा गोल भरला. शेजारणी म्हणू लागल्या, “बाई, तब्येत चांगलीच सुधारली की!” ती तब्येत नव्हती, सूज होती, हे पुढे कळलं. अकोल्याच्या सांधेतज्ज्ञांनी चेहरा पाहताच विचारलं, “आजी, पुड्या घेता का?” अशा बिननावाच्या पुड्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, असं ते म्हणाले. त्यांनी पुड्या सोडवल्या, पण एकदम नाही. रोजची स्टिरॉइडची लहान गोळी, आठवड्यातून एकदा आमवाताची आणि आठवड्यातून एकदा हाडं मजबूत राहण्याची, असं मोजूनमापून औषध लावलं. सासूबाईंना खरंच आराम पडला.

दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की त्या भाकरी वरणात कुस्करून खाताहेत. विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही वं, डावीकडची दाढ हालून राह्यली. वय झालं आता. दात काय जलमभर पुरते?”

जवळच्या एका गावी दातांच्या दवाखान्यात गेलो. निघताना मी म्हटलं, “आई, गोळ्यांची पिशवी घ्यायची का?” त्यावर त्या म्हणाल्या, “काहून? दाताचा अन् सांध्याचा काय संबंध?” मलाही ते पटलं. मी बी. ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई, पण मीही पिशवी खिळ्यालाच राहू दिली. तिथे कुणी औषधांची चौकशी केली नाही, आम्ही आपण होऊन सांगितलं नाही. दाढ निघाली आणि आम्ही घरी आलो.

भरून यायला हवी ती जखम तीन आठवडे भरली नाही. तोंडाला घाण वास येऊ लागला. दीड-दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “जिभीले खड्यावानी टोचते काही तरी.” टॉर्च लावून पाहिलं, तर हिरडीत पिवळट पांढरं, टणक काही दिसत होतं. तो जबड्याच्या हाडाचा उघडा पडलेला भाग होता. नागपूरच्या दंतवैद्यांनी तोंड उघडायला सांगण्याआधीच विचारलं, “कोणत्या गोळ्या चालू आहेत? पिशवी आणलीय का?” या वेळी मी ती आणली होती.

दाताचा आणि सांध्याचा संबंध मला त्या दिवशी समजला. तो तुम्हालाही ठाऊक असावा.

ही गोळी आली कुठून?

स्टिरॉइड म्हटलं की काहींना पहिलवानांची इंजेक्शनं आठवतात. ती वेगळी. आपण बोलतोय ती जात शरीर स्वतःही बनवतं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून रोज एक संप्रेरक पाझरतं. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीराला सावरून धरायचं काम त्याचं.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे औषध पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिलं. ती रुग्ण २९ वर्षांची एक स्त्रीच होती. दुखण्याने तिचं हिंडणंफिरणं जवळजवळ थांबलं होतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही दिवसांतच ती चालू लागली. या कामाबद्दल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पण या औषधाचं देणं आहे तसं घेणंही आहे, हेही थोड्याच काळात डॉक्टरांच्या ध्यानात आलं.

आज ही औषधं आमवात, दमा, ल्युपस, त्वचेचे काही गंभीर आजार, लहान मुलांना अंगावर सूज आणणारा मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंड बदललेले रुग्ण अशा अनेकांना लागतात. पाकिटावर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामिथॅसोन, बीटामिथॅसोन, डेफ्लाझाकॉर्ट, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड समजावं. पाच-सात दिवसांसाठी दिलेल्या गोळ्यांनी दात पडत नाहीत, उगाच घाबरू नका. आपण बोलतोय ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालणाऱ्या औषधाबद्दल.

तोंडात काय काय होतं?

पहिली गोष्ट, तोंडातली बुरशी. आपल्या प्रत्येकाच्या तोंडात थोडीफार बुरशी असतेच. शरीराची पहारेकरी फौज तिला वाढू देत नाही. स्टिरॉइडचं कामच ही फौज थोडी थंड करण्याचं आहे, कारण आमवातासारख्या आजारात ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते. पहारा सैल झाला की बुरशी फोफावते. जिभेवर, गालाच्या आतून दह्याच्या साईसारखा पांढरा थर येतो. पुसला तर खाली लालभडक दिसतं. ठेचा, लोणचं सोडाच, साधं वरणही झोंबतं. कवळी वापरणाऱ्यांच्या कवळीखालची टाळू लाल होते. यावर डॉक्टरांकडे बुरशीचं साधं औषध मिळतं आणि ते लागू पडतं. मधात टाकणखार कालवून लावण्यात आठवडे घालवू नका.

दुसरी गोष्ट, हिरड्यांची. ही फार फसवी. हिरड्या सुजल्या, घासताना रक्त आलं, की आपण समजतो काही तरी बिघडलं. स्टिरॉइड सूज दडपतं. त्यामुळे हिरडी वरून बरी दिसते, रक्त कमी येतं आणि आत दाताच्या मुळाभोवतीचं हाड मात्र झिजत राहतं. सासूबाईंच्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दाढ हलली तेव्हाच कळलं.

तिसरी गोष्ट, हाडांची. स्टिरॉइडने शरीरातली हाडं विरळ होतात. सगळ्यांत जास्त झीज औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते, म्हणजे आपलं लक्षही नसतं तेव्हा. पाठीचा मणका, खुबा यांची आपण काळजी करतो, पण दात ज्यात रोवलेले असतात तो जबडाही हाडच ना? हिरड्यांचा आजार आधीच असेल, तर अशा विरळ हाडात त्याला आणखी वाव मिळतो. पाळी गेलेल्या बायकांची हाडं तशीही विरळ होत असतात, त्यांनी तर दुप्पट जपावं.

चौथी गोष्ट, साखर. या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते. ज्यांना मधुमेह नव्हता त्यांनाही तो होऊ शकतो. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या पिकलेल्या असल्या की साखर आटोक्यात येत नाही. दोघी एकमेकींना धरून वाढतात.

पाचवी गोष्ट, जखम उशिरा भरते. दात काढला, कवळी टोचली, गाल चावला गेला, काहीही असो. जंतू शिरले तरी ताप, ठणका, सूज ही नेहमीची लक्षणं कमी दिसतात. त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक सांगते. तोंडातली प्रत्येक तक्रार स्टिरॉइडच्या माथी मारू नका. आमवातासाठी मिळणारी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून कुणी ती रोज घेतली तर तोंडभर फोड येतात आणि जिवावर बेतू शकतं. अशा वेळी घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर गाठावा. आमवाताच्या किंवा ल्युपसच्या काही रुग्णांची लाळच कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि दात भराभर किडतात. मूत्रपिंड बदललेल्यांना सायक्लोस्पोरिन, तर रक्तदाबवाल्यांना निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन चालू असतं. त्यांनी कधी कधी हिरड्या फुगून दातांवर चढतात. कोणतं औषध काय करतंय हे डॉक्टरांना ठरवू द्या, आपण फक्त पिशवी दाखवायची.

हाडांची गोळी आणि दात काढणं

सासूबाईंच्या दुखण्याचं खरं मूळ इथे होतं. स्टिरॉइडने हाडं विरळ होऊ नयेत म्हणून बऱ्याच जणांना अलेंड्रोनेटसारखी गोळी आठवड्यातून एकदा किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन वर्षातून एकदा देतात. औषध चांगलं आहे, खुब्याचं आणि मणक्याचं मोडणं टाळतं. मात्र ते हाडांची नेहमीची मोडतोड आणि बांधणी मंदावतं. दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा पडतो, तो भरायला हीच बांधणी लागते. ती मंदावली तर क्वचित हाड उघडं राहतं. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं की हा प्रकार असल्याचं डॉक्टर धरतात. जोडीला स्टिरॉइड असेल तर धोका थोडा वाढतो.

हे लाखात सगळ्यांना होत नाही बरं का! हाडांच्या विरळपणासाठी ही गोळी घेणाऱ्यांत ते फार क्वचित होतं. कर्करोगासाठी हीच औषधं मोठ्या प्रमाणात दिली जातात, तिथे जास्त. म्हणून हे वाचून कुणी आपली गोळी केराच्या टोपलीत टाकू नका. शहाणपण एवढंच, की ही गोळी सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत. किडलेले भरून घ्यावेत, काढायचे असतील ते आधीच काढून जखम भरू द्यावी. गोळी सुरू झाल्यावर दात दुखलाच तर काढण्याआधी तो वाचवता येतो का ते विचारावं. दात भरणं, मुळावरचे उपचार करणं यांत हाडाला धक्का लागत नाही.

पंप घेणाऱ्यांनो

आमच्या भागात सोयाबीनची सोंगणी झाली आणि मळणी सुरू झाली, की गावावर धुळीचा ढग तरंगतो. दम्याचे रुग्ण हैराण होतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता. मध्यंतरी तिची शाळा बुडायला लागली. आईला बोलावलं तर ती म्हणाली, “बाई, पंपानं तिच्या जिभेवर पांढरं आलं. गरम पडते म्हणून म्या बंदच केला.” पोरगी रात्र रात्र बसून काढत होती.

मैत्रिणींनो, पंप गोळीपेक्षा फार कमी औषधात काम करतो, कारण औषध थेट फुफ्फुसात जातं. बुडेसोनाइड, बेक्लोमिथॅसोन, फ्लुटिकॅसोन ही त्यातली नावं. पण औषधाचा काही भाग घशात आणि जिभेवर बसतो, त्याने बुरशी येते, आवाज बसतो. उपाय अगदी सोपा आहे. पंप घेतला की पाण्याने खळखळून चूळ भरायची, घशात गुळण्या करायच्या आणि ते पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी मिळते, तिला स्पेसर म्हणतात. तिने औषध तोंडात कमी बसतं. मुलांसाठी सर्वांत चांगला नियम म्हणजे दात घासण्याआधी पंप घ्यायचा. पंप, चूळ, मग ब्रश. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला एवढंच सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. पंप पुन्हा सुरू झाला. आता ती मुलगी शाळेत नियमित येते.

२०२१ सालचा धडा

स्टिरॉइड आणि जबडा यांचं नातं महाराष्ट्राने एकदा फार भयंकर रीतीने पाहिलं आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं, की प्राणवायू लावावा लागलेल्या करोना रुग्णांचे प्राण डेक्सामिथॅसोन या स्वस्त औषधाने वाचू शकतात. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. हा दुसरा भाग मात्र घाईगर्दीत मागे पडला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही लोकांनी चिठ्ठीवरून चिठ्ठी उतरवून या गोळ्या घेतल्या. काहींना गरजेपेक्षा जास्त दिवस दिल्या गेल्या. त्यातच मधुमेह, आणि साखर तपासायला सवड कुणाला!

मग काळी बुरशी आली. म्युकरमायकोसिस हे तिचं नाव. ही बुरशी माती, कुजका पाला यांत सगळीकडे असते, धडधाकट माणसाला काही करत नाही. पण साखर वाढलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली सापडली, की नाकातून शिरून गालाच्या पोकळीत, वरच्या जबड्यात, डोळ्यापर्यंत पोचते. रक्तवाहिन्याच बंद करते, म्हणून तो भाग काळा पडून मरतो. कित्येकांना पहिली खूण तोंडातच दिसली. एका बाजूचे वरचे दात एकाएकी हलू लागले, टाळूवर काळा डाग पडला, गाल बधिर झाला. लोक दाताचं दुखणं समजून थांबले आणि तेवढ्यात वेळ गेली. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि चार हजारांहून अधिक दगावले. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा. जबडा गेलेल्यांना टाळूची पोकळी झाकणारी खास कवळी बसवतात, तेव्हा कुठे त्यांना घास गिळता येतो आणि बोललेलं दुसऱ्याला समजतं.

करोनाची लाट ओसरली, पण त्या खुणा विसरू नका. घरात कुणाला स्टिरॉइड चालू आहे, साखर वाढलेली आहे, आणि एकाच बाजूचा चेहरा सुजला किंवा बधिर झाला, वरचे दोन-तीन दात एकदम हलू लागले, टाळू काळी दिसली, नाकातून काळपट स्राव आला, तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

मग गोळी बंद करायची का?

मुळीच नाही! हे मी ठळक अक्षरांत लिहिते आहे असं समजा. बाहेरून गोळी मिळत राहिली की आपल्या ग्रंथी आळसावतात, स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतात. तीन आठवड्यांहून जास्त दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर शरीर उघडं पडतं. गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम खाली, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जातो. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच, पायरीपायरीने. दात काढायचा म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवणं हीही तशीच चूक. साध्या दातकामाला नेहमीचीच गोळी बहुधा पुरते, मोठ्या शस्त्रक्रियेला थोडी जास्त लागते. ते दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या. स्टिरॉइडचं नाव, रोज किती मिलिग्रॅम, किती वर्षांपासून. हाडांची गोळी किंवा वर्षाचं सलाईन घेतलंय का, शेवटचं कधी. साखर किती आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. पूर्वी कधी बिननावाच्या पुड्या घेतल्या असतील तर लाज न बाळगता तेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन कागद पुढे करा. सकाळची वेळ मागून घ्या, नाश्ता करून आणि गोळी घेऊन जा. दातदुखीसाठी दुकानातून मनाने गोळी आणू नका. स्टिरॉइडच्या जोडीला वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दात काढल्यावर दोन आठवड्यांनी जखम दाखवायला जाच, दुखत नसलं तरी.

आपला जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला, म्हणजे सोयी कमी असलेला. खेड्यातून दाताच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी सांभाळणं स्वस्त. अवघड काम असेल तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे जबड्याच्या शस्त्रक्रियेपासून कवळीपर्यंतचे विभाग एकाच ठिकाणी आहेत.

घरी काय करावं?

दिवसातून दोनदा, झोपण्यापूर्वी एकदा नक्कीच, मऊ ब्रशने आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटं दात घासावेत. राखुंडी, कोळसा, जाड मंजन नको, त्याने दात आणि हिरड्या सोलतात. आमवाताच्या बोटांना ब्रशची बारीक दांडी धरवत नाही. मी सासूबाईंच्या ब्रशच्या दांडीवर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ बसवली आहे. मूठ नसेल तर दांडीला सुती पट्टी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधावी, दर आठवड्याला ती बदलावी.

कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. ती घालूनच झोपल्याने बुरशीला घर मिळतं. तोंड कोरडं पडत असेल तर घोट घोट पाणी प्यावं, गोड गोळ्या चघळू नयेत. आठवड्यातून एकदा उजेडात बसून आरशात जीभ, टाळू, हिरड्या पाहाव्यात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आपण टॉर्च लावून पाहावं. सहा महिन्यांनी एकदा दात तपासून साफ करून घ्यावेत.

खाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम हवा. दिवसाला साधारण एक हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागतं, आणि मोठ्या पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास असतं. दूध परवडत नसेल तर ताक, दही, तीळ, राजगिरा, शेवग्याची पानं यांचा आधार घ्यावा. तिळाची चटणी तर आपल्या भाकरीची जुनी सोबतीण. मात्र हाडांची आठवड्याची गोळी दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, वाया जाते. ती उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याने घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोड मोजून खावं आणि साखर वेळोवेळी तपासावी.

आणि तंबाखू! राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्या विदर्भात खर्रा घरोघरी पोचलाय. बायका मिसरी लावतात, ‘दातासाठी चांगली’ म्हणून. औषधाने आधीच नाजूक झालेल्या हिरडीला यासारखा दुसरा शत्रू नाही.

सासूबाईंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. औषधी पाण्याच्या गुळण्या, प्रतिजैविकं, आणि शेवटी हाडाचा सुटलेला एक तुकडा अलगद काढून टाकावा लागला. सात महिने लागले, पण जखम भरली. त्या सात महिन्यांत नागपूरच्या किती फेऱ्या झाल्या आणि त्यासाठी किती तुरीचे पैसे गेले, तो हिशेब घरच्या माणसांनी ठेवलाय. मी तो विचारत नाही. आता त्या उजवीकडून भाकरी खातात. दोन्ही गोळ्या सांधेतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू आहेत, हाडांची गोळी मधले काही महिने त्यांनीच थांबवली होती.

परवा शेजारची एक आजी दात काढायला निघाली होती. सासूबाईंनी ओसरीवरून तिला हाक मारली, “काहो, गोळ्यायची पिशवी घेतली का? न्या सोबत. दाताचा अन् सांध्याचा लय संबंध असते!”

तुमच्या घरची पिशवी आज खाली काढा. एकेक पाकीट उजेडात धरून नाव वाचा आणि कागदावर उतरवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.